बी केव्हा पेरावे?

गेले काही आठवडे रविवारची मिस्सा आटोपून आम्ही ओट्यावर आलो की एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडून ऐकू येतो: उन्हाळी भाजीचे बी आता टाकावे की थांबावे? फुलांचे बी मागणारेही आहेत. प्रश्न सोपा दिसतो. एक तारीख सांगितली म्हणजे काम भागले असे विचारणारास वाटते. येथे बदलून आलो त्या पहिल्या वर्षी आम्हांसही तसेच वाटत होते. त्या समजुतीची किंमत दुसऱ्यांनी भरली. म्हणून ती हकीकत प्रथम सांगून टाकतो.

आमचे बालपण वेंगुर्ल्याच्या बाजूस समुद्रकाठी गेले. तेथे भात कापून झाले की ओलसर मळ्यात डिसेंबर-जानेवारीतच कलिंगडाचे, काकडीचे, दुध्याचे बी पडते आणि आठवड्याच्या आत दोन दोन पाने वर येतात. आम्ही लहानपणापासून हेच पाहिलेले. खानापूर तालुक्यातील या गावी आलो तेव्हा पहिल्याच नाताळानंतर, प्रवचनाच्या अखेरीस सूचना वाचताना, आम्ही मोठ्या ठामपणे सांगितले की तीन राजांच्या सणाच्या आत प्रत्येकाच्या परड्यात बी पडले पाहिजे. लोकांनी मान डोलावली. आणि पुष्कळांनी खरोखरच पेरले.

त्यांत एक कुटुंब असे होते की घरधनी कामानिमित्त गोव्यास, घरी बाई, तिची सासू आणि तीन मुले. कोंबड्या विकून आलेल्या पैशांतून तिने बाजारातून पाकिटबंद बी आणले: काकडी, दोडका, कारले, भेंडी. सर्व एकाच दिवशी टाकले. बारा दिवस वाट पाहिली, काही उगवले नाही. बोटाने उकरून पाहिले तो बी मऊ पडून कुजलेले. पुन्हा बी आणण्यास पैसे जमेपर्यंत मार्च उजाडला. त्या वेळी टाकलेले बी पाचव्या दिवशी ताडकन उगवले, वेल सुरेख पसरले, आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात काकडीस पहिली फळे दिसू लागली तोच विहिरीचा तळ दिसला. पिण्याचे पाणी दूरवरून डोक्यावर आणणाऱ्या घराने वेलास काय घालावे? सर्व वाळून गेले.

ती बाई तक्रार करावयास आली नव्हती. तिने एवढेच विचारले, “फादर, तुम्ही सांगितलंसा म्हणून पेरलं. आता पुढल्या साली कधी पेरू?” आणि आमच्यापाशी उत्तर नव्हते. मागाहून कळले की म्हाताऱ्या सासूबाईंनी पेरणीच्या दिवशीच सुनेस बजावले होते, ‘माती अजून गार आहे, बी निजेल.’ परंतु फादरांच्या शब्दापुढे म्हातारीचे कोण ऐकणार? वेदीवरून बोलणाऱ्याने शेतीविषयी बोलताना किती जपून बोलावे हे आम्ही त्या दिवशी शिकलो. त्यानंतर जे काही शिकलो ते बहुतेक त्या सासूबाईंकडून, आणि थोडेसे पुस्तकांतून.

चूक कोठे झाली ते पाहा. वेंगुर्ल्यास समुद्राच्या ऊबेमुळे रात्र फारशी गारठत नाही. आमचा हा भाग, बेळगाव शहर धरून, समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. जानेवारीत दुपारी ऊन चांगले लागते, पण पहाटे पारा तेरा-चौदा अंशांपर्यंत उतरतो, कधी त्याच्याही खाली. बियास दुपारच्या उन्हाचे सुख नसते, ते मातीत असते. आणि माती, त्यातून भातखाचराची ओली माती, रात्रीचा गारवा धरून ठेवते. काकडी, दोडका, कारले, दुधी, भोपळा, कलिंगड ही सर्व मंडळी उबेची. माती पंधरा अंशांच्या खाली असेल तर त्यांचे बी पाणी पिऊन फुगते, पण अंकुर धरीत नाही. तसेच पडून राहिले की कुजते. वीस-पंचवीस अंशांची ऊब मिळाली की तेच बी पाच-सहा दिवसांत वर येते. भेंडी आणि गवार यांचेही असेच. म्हणजे बी वाईट नव्हते, दुकानदार लबाड नव्हता, जमीनही नापीक नव्हती.

मग थंडी पुरती सरेपर्यंत थांबावे काय? पुष्कळ जण थांबतात. महाशिवरात्रीस थंडी निरोप घेते असे आमचे हिंदू शेजारी म्हणतात आणि ते खोटे नाही. पण तो सणही दरवर्षी पुढेमागे होतो, आणि त्यानंतर पेरावयाचे तर दुसरे टोक हातचे सुटते. ते दुसरे टोक म्हणजे विहीर.

येथे थोडा हिशेब करू. ज्यांचा कंटाळा असेल त्यांनीही हा एवढा करावा, कारण सर्व मर्म यातच आहे. आपल्या घरची विहीर कोणत्या सुमारास आटते हे घरातील प्रत्येकास ठाऊक असते. समजा, ती २० एप्रिलला तळास जाते. भेंडी पेरल्यापासून पहिल्या तोडणीपर्यंत पंचेचाळीस ते पन्नास दिवस लागतात. ५ फेब्रुवारीस पेरली तर २५ मार्चच्या आसपास पहिली भेंडी ताटात येते आणि पाणी आटेपर्यंत जवळजवळ चार आठवडे, दर दोन-तीन दिवसांनी, तोडणी होते. तीच १० मार्चला पेरली तर पहिली भेंडी २५ एप्रिलला. म्हणजे पाणी गेल्यावर पाच दिवसांनी! काकडीचा हिशेब भेंडीसारखाच. दुध्यास व कारल्यास आणखी आठ-दहा दिवस धरावे. ज्यांच्या विहिरीस मे अखेरपर्यंत पाणी पुरते त्यांनी मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पेरले तरी चालेल. ज्यांची एप्रिलच्या आरंभीच कोरडी पडते त्यांनी वेलभाज्यांचा नाद सोडून दोन आळी तेवढी धरावी आणि आंघोळीचे, भांडी विसळण्याचे पाणी त्यांकडे वळवावे. साबणाचे दाट पाणी मात्र नको.

तेव्हा पेरणीची वेळ म्हणजे एक दिवस नव्हे. एका बाजूने माती उबदार होण्याचा दिवस आणि दुसऱ्या बाजूने विहीर आटण्यापूर्वीचे सत्तर-ऐंशी दिवस, या दोहोंमध्ये जी फट उरते ती वेळ. आमच्या या भागात ती जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या वीस तारखेपर्यंत असते. फट अरुंद आहे, पण आहे.

मातीची ऊब कशी ओळखावी? सासूबाईंची रीत अशी: पहाटे दिवस उगवण्यापूर्वी वाफ्यात बोटभर खोल उकरून तळहात टेकवावा. हात लगेच काढून घ्यावासा वाटला तर माती गार आहे. ठेवून देण्यास काही वाटले नाही तर बी टाकण्यास हरकत नाही. आम्हांस प्रथम हसू आले. मग थर्मामीटर आणून तीन बोटे खोल पुरला आणि पंधरा दिवस सकाळी सात वाजता टिपून ठेवले. सासूबाईंचा हात ज्या सकाळी ‘होय’ म्हणाला त्या सकाळी पारा अठराच्या वर होता. (ज्यांस हा प्रयोग करावयाचा असेल त्यांनी घरातील तापाचा थर्मामीटर मातीत खुपसू नये, तो पस्तीस अंशांच्या खाली काही सांगतच नाही. आमच्याकडे एकाने तोही प्रयोग केला.) लागोपाठ चार-पाच सकाळी असे झाले म्हणजे पेरावे. एका उबदार सकाळीस भुलू नये.

फट रुंद करण्याच्या दोन-तीन युक्त्या आहेत. पहिली, वाफा खाचराच्या पातळीस न ठेवता वीतभर उंच करावा. उंच माती लवकर निथळते आणि लवकर तापते. घराच्या दक्षिणेकडील भिंतीशी असेल तर उत्तमच. दुसरी युक्ती वेलभाज्यांसाठी. १५ जानेवारीच्या सुमारास पळसाच्या द्रोणांत किंवा वर्तमानपत्राच्या कागदी पुड्यांत निम्मी माती व निम्मे कुजलेले शेणखत भरून एकेक बी टाकावे. रात्री ते द्रोण टोपलीत घालून चुलीच्या उबेस ठेवावेत, दिवसा अंगणात उन्हात. तीन-चार पाने झाली की फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात द्रोणासकट आळ्यात लावावे. मुळास धक्का लागता कामा नये. वेलाच्या जातीस मूळ दुखावलेले मुळीच खपत नाही. अशा रीतीने विहिरीच्या पाण्याचे पंधरा-वीस दिवस वाचतात. युरोपात याच कामासाठी काचेची घरे बांधतात. आपल्याकडे चूल आहे.

तिसरी गोष्ट, बी भिजवावे. भेंडीचे रात्रभर, कारल्याचे कवच टणक म्हणून पूर्ण दिवस. काकडीस चार-सहा तास पुरे. मग ओल्या फडक्यात बांधून गवतात ठेवावे. मोड डोकावताच पेरावे, लांबू देऊ नये. बी किती खोल घालावे याचा ढोबळ नियम असा की बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. भेंडी व भोपळा पेराएवढे, झेंडू तर मातीची नुसती चिमूट वर.

आणि सर्व बी एकाच दिवशी कधीही टाकू नये. आमच्या चुकीत ती एक मोठी चूक होती. तीन वाटे करावे आणि दहा-दहा दिवसांनी टाकावे. एखादा वाटा थंडीने गेला तरी दोन हाती राहतात, आणि भाजीही एकदम न येता पुरवून येते. पाच-सहा माणसांच्या घरास भेंडीची चाळीस-पन्नास रोपे पुरतात. त्यास बी तीन ग्रॅम लागते. काकडीची चार आळी, दोडक्याची दोन, कारल्याची दोन, दुध्याचे एक. याहून अधिक लावणाऱ्याने पाण्याचा विचार करून लावावे.

जुने बी घरात असेल तर पेरण्यापूर्वी दहा दाणे मोजून ओल्या फडक्यात ठेवावे. सात-आठ उगवले तर ठीक. तीन-चारच उगवले तर दुप्पट टाकावे किंवा नवे आणावे. काकडी-भोपळ्याचे बी कोरडे ठेवल्यास चार वर्षेही टिकते, भेंडीचे दोन, कांद्याचे मात्र एका वर्षात निकामी होऊ लागते. भेंडीविषयी आणखी एक: ऊन वाढेल तशी पांढरी माशी वाढते आणि तिच्याबरोबर पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याचा रोग. लवकर पेरलेली भेंडी त्यातून पुष्कळशी निभावते, हा फेब्रुवारीत पेरण्याचा वेगळाच लाभ. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ आणि बंगळूरच्या फलोद्यान संस्थेची ‘अर्का अनामिका’ या जाती त्या रोगास तोंड देतील अशा म्हणूनच निपजविल्या आहेत. त्यांचे बी घरी धरता येते, हेही गरिबाच्या सोयीचे.

पालेभाज्यांचा न्याय उलटा आहे. मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर यांस थंडी प्रिय. फेब्रुवारीच्या मध्यानंतर पेरल्यास पानांऐवजी फुलोरा येतो. त्यांच्या जागी तांबडा माठ, राजगिरा, अंबाडी पेरावी. मिरची-वांग्याची रोपे एव्हाना वाफ्यात तयार असतील; नसतील तर आता बी टाकण्यात अर्थ नाही, बाजारातून रोपे आणून लावावी.

हे आकडे आमच्या डोंगराकडच्या गावांचे. गोव्यातील वाचकांनी यांवर विसंबू नये; त्यांची स्थिती आमच्या वेंगुर्ल्यासारखी, त्यांनी केव्हाच पेरले असेल. ग्वाल्हेरच्या वाचकांकडे जानेवारीत पारा सात-आठ अंशांपर्यंत उतरतो. त्यांनी फेब्रुवारीच्या मध्यापूर्वी वेलाचे बी उघड्यावर टाकूच नये. जो तो आपली माती आणि आपली विहीर पाहील. परदेशी बियांच्या पाकिटावर छापलेले महिने तर येथे कोणीच पाळू नयेत. आमच्या एका सहाध्यायी धर्मगुरूने जर्मनीहून फुलांच्या बियांची पाकिटे आणली होती. त्यांवर मे महिना होता. तिकडे १२, १३ आणि १४ मे या दिवसांच्या संतांस, पँक्रेशियस, सर्वेशियस आणि बोनिफेशियस यांस, शेतकरी ‘बर्फाचे संत’ म्हणतात. ते दिवस जाईपर्यंत हिमाची भीती, म्हणून नाजूक रोपे बाहेर लावीत नाहीत. त्यातही गंमत अशी की १५८२ साली पोप तेराव्या ग्रेगरींनी पंचांग सुधारले तेव्हा दहा दिवस गळाले; संतांच्या तारखा होत्या त्याच राहिल्या, थंडी मात्र दहा दिवस पुढे सरकली. म्हणजे सणावर बोट ठेवून पेरणारा तिकडेही फसू शकतो.

फसण्यावरून फुलांची गोष्ट. आमच्या तरुण मंडळाने पास्काच्या वेदीसाठी घरचाच झेंडू असावा असे ठरविले आणि राखेच्या बुधवारी, प्रायश्चित्तकाळाचा आरंभ म्हणून, मोठ्या भक्तिभावाने बी पेरले. पास्काच्या रात्री वेदीसमोर हिरव्यागार कळ्या! फुले बाजारातून आणावी लागली. पुढल्या वर्षी पुन्हा तेच. तेव्हा आम्ही बोटे मोजली. राखेचा बुधवार कोणत्याही वर्षी पास्कापूर्वी बरोबर ४६ दिवस येतो. झेंडूस बी टाकल्यापासून साठ ते सत्तर दिवस लागतात. कितीही भक्तिभाव असला तरी वीस दिवस कमीच पडणार. जुन्या पंचांगात पास्कापूर्वी ६३ दिवसांवर सेप्टुआजेसिमा नावाचा रविवार असे. १९६९ च्या सुधारणेत तो वगळला गेला, परंतु झेंडूच्या पेरणीपुरता आम्ही तो मनात ठेवला आहे.

पास्काचा दिवस २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान फिरता असतो, म्हणून फुलांसाठी दरवर्षी उलटे मोजावे. २०२७ साली पास्का २८ मार्चला; सत्तर दिवस मागे गेल्यास १७ जानेवारी येते. २०२८ साली १६ एप्रिलला. त्या वर्षी ६ फेब्रुवारी. पास्का लवकर असेल त्या वर्षी थंडी आड येते. तेव्हा झेंडूचे बी कुंडीत टाकून तीही चुलीकडे न्यावी. पास्का उशिरा असेल त्या वर्षी घाई नाही. झिनियास आठ आठवडे पुरतात, तेरड्यासही जवळजवळ तेवढेच. कॉसमॉसला थोडे अधिक. गेलार्डिया हवा असेल तर तीन महिने धरावे, म्हणजे त्याचे बी नाताळापूर्वीच पडले पाहिजे. झेंडू वेळेपूर्वी फुलेल असे वाटल्यास महिन्याच्या रोपाचा शेंडा खुडावा. फुले आठ-पंधरा दिवस लांबतात आणि फांद्या अधिक फुटतात. तरीही आधी फुललाच, तर प्रायश्चित्तकाळात वेदीवर फुले ठेवीत नाहीत हे खरे, पण चौथा रविवार आणि १९ मार्चचा संत योसेफचा सण यांस मोकळीक आहे. फुले वाया जात नाहीत.

पास्काच्या आठवड्यानंतर वेदीवरील झेंडू फेकून देऊ नये. तजेलदार, मोठी फुले निवडून सावलीत वाळवावी, काळे सुईसारखे बी वेगळे करून कागदाच्या पुडीत, चिमूटभर कोरड्या राखेसह, डब्यात ठेवावे. आमच्या सॅक्रिस्टीत असा एक बिस्किटांचा डबा आहे. गेल्या जानेवारीत त्या सासूबाईंची सून तो मागावयास आली. आम्ही विचारले, “आजच टाकणार?” ती म्हणाली, “आज नाही फादर, पहाटे हात लावून बघितलाय, अजून गार आहे. तुम्ही डबा काढून ठेवा.”